उपाशी डोकं
(प्रस्तावना)

पहाटेच्या गाडीनं शेगावला उतरलेला माणूस दुपारी दर्शनबारीतून बाहेर येतो तेव्हा त्याची बोटं कानशिलांवर असतात. बरोबरच्या मंडळींचं निदान तयार असतं. "स्टेशनावर कचोरी खाल्ली ना, तीच बाधली. पित्त चढलं." एकजण खिशातून गोळी काढतो, दुसरा टपरीवरून चहा आणतो, आणि कचोरीच्या खात्यावर आणखी एक गुन्हा चढतो.

मला कचोरीची वकिली करायची नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगाव स्टेशनावर ती विकायला घेतली आणि आता ती गावाची ओळख झाली आहे. ती तळलेली असते, तिखट असते, वर तळलेली मिरचीही असते. ज्याला जळजळतं त्यानं जपून खावी, हे खरंच. पण त्या माणसाचे आधीचे सोळा-सतरा तास कोणी विचारत नाही. गाडी चुकायला नको म्हणून रात्री तो धड जेवला नव्हता. डब्यात सारखी उठबस नको म्हणून पाणी टाळलं होतं. झोप तुकड्यातुकड्यांची. घरी सहाला लागणारा चहा त्या दिवशी नऊला मिळाला. मग बारीत तीन तास उभं राहणं. इतके संशयित हजर असताना आपण धरतो कोणाला, तर शेवटी तोंडात गेलेल्या घासाला.

त्यात आणखी एक गोम आहे. अर्धशिशीचा ठणका सुरू व्हायच्या काही तास आधी, कधी कधी दीड-दोन दिवस आधीच, मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मान आखडते, उगीच चिडचिड होते, लघवीला सारखं जावं लागतं आणि काहीतरी चमचमीत किंवा गोड खावंसं वाटतं. त्या लहरीत माणूस कचोरी खातो, पोरं चॉकलेट खातात. ठणका मागाहून येतो आणि वाटतं, खाल्ल्यामुळंच आला. खरं तर खावंसं वाटलं तेव्हाच दुखणं दारात येऊन उभं होतं. चॉकलेटबद्दल १९९७ साली ६३ स्त्रियांवर परीक्षा झाली. प्रत्येकीला कधी खरं चॉकलेट, कधी तशाच चवीचा कॅरोबचा पदार्थ. काय दिलं ते सांगायचं नाही. डोकेदुखीत दोन्हींचा फरक पडला नाही. कचोरीची अशी परीक्षा घ्यायची तर कचोरी नसलेली कचोरी कुठून आणायची, हा प्रश्न आहे.

या पुस्तिकेचं सगळं म्हणणं या एका शेगावच्या दुपारीत आहे. खाण्यापिण्याचा आणि डोक्याचा संबंध घट्ट आहे, पण आपण तो उलट्या टोकाकडून धरतो. "काय खाल्लं होतं?" हा प्रश्न आपल्या तोंडी बसलेला आहे. "शेवटचं कधी खाल्लं होतं?" हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टरसुद्धा घाईच्या वेळी विसरतात.

मी डॉक्टर नाही. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं अर्धं डोकं रुमालानं बांधून शिकवलं. माहेर घाटाखालचं, सासर घाटावरचं. जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते: अजिंठ्याच्या डोंगररांगेनं बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले दिले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरची हवा वेगळी, खालची वेगळी, पाणी तर फारच वेगळं. डोकं मात्र दोन्हीकडे दुखतं.

पुस्तिकेचं मूळ आईच्या कॅलेंडरांत आहे. १९७३ पासून निघणारं कालनिर्णय आमच्याकडे भिंतीवर असायचं आणि त्याच्या चौकटींत आई दुधाचे खाडे मांडायची. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून धान्याच्या कोठीवर. घर आवरताना ती भेंडोळी हाती लागली तेव्हा दिसलं, काही खाड्यांखाली बारीक अक्षरात "डो" लिहिलं आहे. डोकं दुखत असलं की आई पहाटे दार उघडायला उठत नसे, गवळी हाका मारून परत जाई, आणि महिनाअखेरीला हिशेबात वाद नको म्हणून ती कारण लिहून ठेवी. बाकी काही हेतू नव्हता. मी सहज त्या चौकटी पाहत गेले. निम्म्याहून अधिक "डो" संकष्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पडलेले होते. उपवासाचा दिवस कालनिर्णयवाल्यांनी छापलेला, त्याच्या शेजारच्या चौकटीत आईचं अक्षर. इतकी वर्षं ते भिंतीवर होतं आणि घरातल्या एकानंही वाचलं नव्हतं, तिनंही नाही. विचारलं तर म्हणाली, "मले वाटे चंद्र पाहेपर्यंत जागते म्हणून दुखत असन."

आईची संकष्टी म्हणजे आदल्या रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रात्री चंद्र दिसेपर्यंत फक्त चहा. चोवीस तास सहज होत. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात उपवासाच्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे: आठ तासांहून अधिक पोट रिकामं असताना सुरू होणारी आणि खाल्ल्यावर उतरणारी. उपवास लांबेल तशी तिची शक्यता वाढते, आणि ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याला ती अर्धशिशीच्याच रूपात गाठते. ज्यू लोकांचा योम किप्पुरचा उपवास पंचवीस तासांचा, म्हणजे जवळजवळ आमच्या संकष्टीएवढाच. त्या उपवासाचा इस्रायलमध्ये एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं, न करणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांचं. रमजानच्या पहिल्या रोज्यांना दुपारनंतर डोकं धरणारे शेजारी खामगाव-मलकापुरात कोणीही पाहिले असतील. देव वेगळे, डोकी सारखी.

व्रत सोडा, असं मी कोणाला सांगत नाही. तो अधिकारही माझा नाही. पण फराळ चालणाऱ्या उपवासात फराळ न करण्याची जी चढाओढ बायकांत लागते तिच्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि उपवासाचं प्रकरण त्याच रागातून लिहिलं गेलं आहे. दूध, ताक, केळं, राजगिरा, भगर, शेंगदाणे हे सगळं व्रतात बसतं. भगर मात्र ताजी आणि खात्रीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि बिबीच्या रुग्णालयाबाहेर झाडांना दोर बांधून सलाईन लावावं लागलं, ते जिल्हा विसरलेला नाही.

उपवास निदान ठरवून केलेला असतो. शेतातल्या बाईचा उपवास कॅलेंडरवर छापलेला नसतो. कपाशीची वेचणी किलोवर असते, त्यामुळं न्याहारीला बसलं की तेवढी मजुरी बुडते. सहाला घोटभर चहा, सातला वावरात, भाकरीचं फडकं सुटतं ते बारा-एकला. पाणी प्यायलं तर आडोसा शोधावा लागतो, म्हणून तेही कमी. "डोक्सं ठणकू रायलं" हे वाक्य वेचणीच्या दिवसांत मी जितक्या वेळा ऐकलं तितकं लग्नसराईत कधी ऐकलं नाही, आणि लग्नसराईत तर बुंदी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, सगळ्याची रेलचेल असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या तज्ज्ञांनी कर्नाटकात शहरी आणि ग्रामीण भागात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेली माणसं चारात एक निघाली होती, आणि त्यांत बायका अधिक. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

पाण्याची गोष्ट घाटाखालच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येत नाही. पूर्णेच्या काठचा अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला खारपाणपट्टा; जमीन काळी, सुपीक, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. माझ्या माहेरी ते पाणी नुसतं कोणी पीत नसे. चहात ते खपून जाई, म्हणून तहान लागली की चहा टाकायचा ही घराची रीत. पाहुण्याला गूळ-पाणी देण्याची पद्धतही मला वाटतं अशाच कुठल्या तरी पाण्याची चव झाकायला रुजली असावी. हा माझा आपला तर्क. उन्हाळ्यात घाटाखाली पारा ४४-४५ वर जातो तेव्हा घामानं गेलेलं पाणी आणि मीठ भरून निघालं नाही की डोकं जड होणार, यात नवल नाही. आंबील, ताक, कैरीचं पन्हं या आपल्या जुन्या सोयी त्याच कामाच्या आहेत.

पण "भरपूर पाणी प्या" हा सल्ला मी पुस्तिकेत सरसकट दिलेला नाही. एक कारण असं की वारंवार डोकं दुखणाऱ्यांना रोज दीड लिटर जादा पाणी द्यायचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला, त्यात लोकांना बरं वाटलं, पण दुखण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. तहानलेल्या माणसाला पाणी हवं. तहान भागलेल्याच्या डोक्याला आणखी तांब्या ओतून उपयोग नाही. दुसरं कारण घरचं आहे. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण किती आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरनं मोजून दिलेलं असतं. त्याच्या हातात माझी पुस्तिका पडावी आणि त्यानं हंडाभर पाणी प्यावं, असं व्हायला नको.

आता चहा. इथं मी स्वतः आरोपी आहे. शाळेच्या दिवशी सात-आठ कप होत, रविवारी उठायलाच नऊ वाजत, आणि रविवार दुपारपर्यंत डोकं कामातून जाई. मला वाटे आठवड्याचा शीण बाहेर पडतोय. चहातल्या कॅफिनची सवय लागलेल्या शरीराला ते वेळेवर मिळालं नाही की चोवीस तासांच्या आत डोकं दुखू लागतं, कॅफिन पोटात गेलं की तासाभरात थांबतं, आणि काहीच घेतलं नाही तर आठवड्याभरात आपोआप मिटतं. दिवसाला २०० मिलीग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवडे घेणाऱ्याला हे होऊ शकतं, असं तज्ज्ञांचं वर्गीकरण सांगतं. आपल्या उकळलेल्या चहाच्या लहान कपात अंदाजे ३०-४० मिलीग्रॅम धरलं तर सहा कपांत गणित पूर्ण होतं, आणि चिखलीच्या बसस्टँडवर सहा कप म्हणजे काहीच नाही. म्हणून "चहा प्यायला की माझं डोकं थांबतं" असं जो सांगतो, त्याचं डोकं चहानंच दुखवलेलं असण्याची शक्यता मोठी. बाजारातल्या डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांतही कॅफिन असतं. त्यानं औषधाला जोर येतो हे खरं, पण अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, असं तीनेक महिने चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. किराणा दुकानात बिस्किटाच्या बरणीशेजारी लटकणाऱ्या त्या पट्ट्यांवर हे कोणी लिहीत नाही.

फोनवर फिरणाऱ्या "हे खाऊ नका" याद्यांचं मला हसू येतं. त्यांचं मूळ बरंचसं लंडनच्या डॉ. एडा हॅनिंग्टन यांच्या १९६७ सालच्या कामात आहे. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचं द्रव्य असतं आणि काहींना त्यानं अर्धशिशी उठते, असं त्यांनी मांडलं. पुढं यादी वाढत गेली: चीज, रेड वाइन, चॉकलेट, टिकवलेलं मांस. देऊळगाव राजाच्या एखाद्या काकूला ही यादी आली की ती भक्तिभावानं चीज सोडते, जे तिनं जन्मात खाल्लेलं नाही, आणि सकाळचं जेवण तीन वाजता करायचं चालू ठेवते. दारूचं तेवढं यादीत बरोबर आहे. तिनं अर्धशिशी उठते, आणि हातभट्टीत मिथेनॉल असलं तर गोष्ट डोक्यावर थांबत नाही, डोळे आणि जीव जातो.

त्या याद्यांपेक्षा २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. अर्धशिशीच्या १८२ रुग्णांना सोळा आठवडे ठरावीक आहार दिला. माशांतली ओमेगा-३ मेदाम्लं वाढवली, काही तेलांतलं लिनोलेइक आम्ल कमी केलं, आणि दुखण्याचे दिवस घटले. हे वाचून सोयाबीनच्या आमच्या जिल्ह्यानं थोडं थबकावं, कारण सोयाबीन तेलात ते लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. जवसाच्या चटणीवर मात्र लगेच उड्या मारू नयेत. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, शरीर त्याचं माशातल्यासारखं रूपांतर थोडंच करतं. चटणी चवीसाठी खावी. भाकरीवर तेल घालून ती लागते छान.

पित्ताबद्दल लिहिताना हात जरा अडखळला, कारण आमच्या भाषेत डोकेदुखीचं दुसरं नावच पित्त आहे. सुश्रुतानं शिरोरोग अकरा सांगितले. पित्ताचा त्यातला एक, अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, वेगळा, आणि उन्हाबरोबर चढणारा सूर्यावर्त आणखी वेगळा. आपण अकरांचं एक करून टाकलं. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, अन्न पुढं सरकत नाही, मळमळतं, पिवळी उलटी होते. ती उलटी दुखण्याचा भाग असते. आपण तिला दुखण्याचं कारण समजतो आणि वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या घेतो. आजीच्या उपायांकडे मात्र मी तुच्छतेनं पाहत नाही. सूर्य उगवायच्या आत गरम दुधात जिलेबी खायची, हा अर्धशिशीवरचा उपाय गावोगाव आहे. जिलेबीत औषध नसेल, पण रात्रभराच्या रिकाम्या पोटाला पहाटेच काहीतरी मिळतं आणि त्यासाठी माणूस वेळेवर उठतो, एवढं तरी त्यात आहेच.

आणि तरीही, अन्न निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. गेल्या हिवाळ्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं हातात येऊ लागले. आधी संशय पाण्यावर गेला, मग शॅम्पूवर, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावांत येऊन नमुने घेतले आणि फेब्रुवारीत मांडलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पटींनी जास्त होतं. त्यांनी नोंदवलेल्या तक्रारींत केसांच्या जोडीला डोकेदुखी, ताप, डोक्याला खाज, मुंग्या येणं हेही होतं. हा त्यांचा निष्कर्ष आहे आणि त्यावर बोलणं माझ्यापेक्षा जाणत्यांचं काम. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की घरात एकाचं डोकं दुखलं तर त्याची दिनचर्या पाहावी. आळीतल्या सगळ्यांचं दुखू लागलं तर रोजची पोळी आणि रोजचं पाणी तपासायला सांगावं.

आज अक्षय्य तृतीया. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात आज संध्याकाळी घट मांडतील. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही मांडणी सुरू केली असं सांगतात. अठरा धान्यं गोलाकार ठेवायची, मध्ये खड्ड्यात पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. आणि उद्या पहाटे कोणता दाणा हलला, कोणता जागचा उडाला, त्यावरून वर्षाच्या पिकापाण्याचं भाकीत. त्यावर कोणी किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं पाहावं. डोकेदुखीच्या बाबतीत मात्र आपण घरोघर रोज घट मांडतो. एका रात्रीत एक दाणा सरकलेला दिसला की वर्षाचं भाकीत करून मोकळे. माझ्या जाऊबाईंनी बारा वर्षांत असं एकेक करून वांगं, दही, केळं, लिंबू, टोमॅटो आणि शेंगदाणे सोडले. ताट रिकामं होत गेलं, डोकं होतं तिथंच राहिलं. नंतर तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या तेव्हा त्यांचं दुखणं पाळीच्या आधीच्या दोन दिवसांवर आणि उशिरा जेवलेल्या दिवसांवर पडलेलं निघालं. वांगं त्यांनी त्याच आठवड्यात आणलं. भरीत केलं होतं.

म्हणून पुस्तिकेत औषधांची नावं नाहीत, पथ्याचा तक्ता नाही. जेवणाच्या वेळा, चहाचे कप, पाणी, झोप, पाळी आणि दुखणं, एवढं कॅलेंडरवर कसं मांडायचं आणि तीन महिन्यांनी ते कसं वाचायचं, हे आहे. चहाचं प्रकरण सगळ्यात लांब झालं, कारण तो कमी करताना मला सगळ्यात त्रास झाला. गाभुळलेल्या चिंचेबद्दल आणि बर्फाच्या गोळ्यानं कपाळात जाणाऱ्या कळेबद्दल दोन-दोन पानं आहेत, ती मुलांसाठी.

काही वेळा मात्र ही पुस्तिका बाजूला टाकून तडक दवाखाना गाठायचा. वीज पडावी तसं एका क्षणात उठलेलं, आयुष्यात कधी झालं नव्हतं इतकं तीव्र दुखणं, तापाबरोबर मान ताठणं, हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पोटुशीचं डोकं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. तिथं कॅलेंडर काढत बसायचं नाही आणि जिलेबीही शोधायची नाही.

आमच्याकडे आता दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातात. खाडे कोणी मांडत नाही. कॅलेंडरच्या चौकटी तशाच कोऱ्या राहतात.

चिखली,
अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल २०२५